वाघ्याचें अंथरूण

कुत्र्याच्या अंथरुणावर लेख लिहिण्याइतका या गृहस्थास रिकामा वेळ आहे काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें प्रांजळ उत्तर असें कीं, होय, आहे. आम्ही निवृत्त प्राथमिक शिक्षक आहों. पस्तीसांहून अधिक वर्षें पोलादपूर तालुक्यांतील डोंगरावरच्या शाळांतून पाढे व शुद्धलेखन शिकविलें, आणि आतां महाडच्या आमच्या जुन्या घरीं आल्यागेल्याचा समाचार घेत ओटीवर बसतों. पण विषय क्षुल्लक म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये, अशी विनंती आहे. हें अंथरूण करावयास आम्हांस चार वर्षें लागलीं. शिवणकाम आठ दिवसांचेंच होतें. बाकीचा सारा काळ तें कोणत्या जागीं घालावें हें समजण्यांत गेला.

वाघ्या आमच्याकडे आला तो २०१६ सालीं, आमच्या निवृत्तीच्या वर्षीं. शाळेच्या मागें कोणी तरी सोडून दिलेलें तें पिलूं रोज मधल्या सुटींत मुलांच्या डब्यांभोंवतीं फिरे. निरोपाच्या दिवशीं मुलांनीं नारळ, शाल आणि एका खोक्यांत घालून तें पिलूं अशा तीन वस्तू आमच्या हातीं दिल्या. नारळ फुटला, शाल फाटली, पिलूं मात्र वाढलें. आमच्या तालुक्यांत कुत्र्याचें नांव ठेवण्यांत कोणी फारशी प्रतिभा खर्च करीत नाहीं. रायगड आमच्याच तालुक्यांत आहे, आणि गडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उंच दगडी चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्या कथेस समकालीन कागदाचा आधार मिळत नाहीं असें इतिहासाचे अभ्यासक सांगतात, आणि त्यावरून वादहि पुष्कळ झाले आहेत. आमच्या नातवास त्या वादाशीं कर्तव्य नव्हतें. त्यानें सहलींत तो पुतळा पाहिला होता. तेवढ्यावर पिलाचें बारसें उरकलें.

आमचें घर जुन्या पद्धतीचें. तीन पायऱ्या चढल्यावर ओटी, ओटीवर झोपाळा, मग उंबरठा, आंत माजघर, त्याच्या एका अंगास माळ्यावर जाणारा लाकडी जिना आणि मागें स्वयंपाकघर व देवघर. या घरांत कोणी कोठवर यावें याचे नियम कोठें लिहिलेले नाहींत. पण ते सर्वांस पाठ आहेत. कुत्र्याची हद्द ओटीपर्यंत. उंबरठ्यावर त्यानें नाक ठेवलें तरी आमची थोरली बहीण, आक्का, हातांतली पळी त्याच्यावर उगारी. आक्काचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तेव्हांपासून ती आमच्याकडेच असते आणि घराचें सोवळें तिच्याच जिवावर टिकून आहे. वाघ्यास ओटीच्या कोपऱ्यांत एक गोणपाट टाकलें होतें. रात्रीं तो येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो म्हणून दहाच्या सुमारास त्याची सांखळी ओटीच्या खांबास अडकवावयाची, हें काम आमच्याकडे होतें.

शाळेंत आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्याचीं पांच लक्षणें शिकवीत असूं. त्यांत श्वाननिद्रा हें एक. कुत्र्यासारखी सावध झोंप असावी, असा त्याचा अर्थ सांगून आम्ही पुढच्या लक्षणाकडे वळत असूं. कुत्रा झोंपतो कसा, हें इतक्या वर्षांत आम्हीं एकदांहि निरखून पाहिलें नव्हतें. वडिलांजवळ लहानपणीं थोडें व्याकरण झालें होतें. पाणिनीचें एक सूत्र त्या वयांत आम्हांस फार हसवी. श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि प्रत्यक्ष इंद्र, हे तीन शब्द त्यानें रूपांच्या एकाच नियमासाठीं एका ओळींत बसविले आहेत. शुनः, यूनः, मघोनः हीं रूपें आम्ही घोकलीं. शब्दाचें रूप चालवितां आलें म्हणजे त्या प्राण्याची ओळख झाली, अशी आमची तेव्हां समजूत होती, आणि ती पुढें पुष्कळ वर्षें टिकली.

आतां त्या रात्रीबद्दल सांगावयास हवें. २०२१ सालची आषाढी एकादशी २० जुलै रोजीं झाली. गुरुपौर्णिमा दोन-चार दिवसांवर होती. पाऊस असा कोसळत होता कीं समोरच्या घराचें कौल दिसेना. महाड सावित्री व गांधारी या नद्यांच्या कुशींत वसलेलें गांव. पुराचें पाणी आम्हांस नवें नाहीं. २००५ च्या जुलैचा पूर आणि जुई, दासगांव येथील दरडी आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें आहेत. म्हणून पाणी चढूं लागलें कीं काय काय माळ्यावर न्यावयाचें याची यादी घरांतल्या प्रत्येकास तोंडपाठ असते. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, आणि अंधारांत आम्ही ती यादी पुरी करूं लागलों. आधीं देव. मग तांदुळाचे डबे, घराचे कागद, औषधें, नातवाचीं पुस्तकें. आक्कास मुलानें हात धरून वर नेलें. नंतर आम्हीं वडिलांच्या पोथ्या आणि महाभारताच्या भाषांतराचे जाड खंड तीन खेपा करून वर पोंचविले. तिसऱ्या खेपेस माजघरांत पाणी गुडघ्यापर्यंत आलें होतें.

खालीं वाघ्या भुंकत होता. तो पहिल्यापासून भुंकत होता. किंबहुना त्याच्या भुंकण्यानेंच आम्हांस जाग आली होती. पुस्तकें कोरडीं राहिलीं या समाधानांत आम्ही कंदिलापाशीं बसलों असतां त्या भुंकण्याचा सूर बदलला. तें भुंकणें राहिलें नाहीं. लहान मुलासारखें एक लांबलचक रडणें सुरू झालें. नातू ओरडला, "आजोबा, वाघ्याची साखळी!" आमचा मुलगा बॅटरी घेऊन उतरला. जिन्याच्या मधल्या पायरीवरच पाणी त्याच्या कमरेस लागलें. ओटीवर जाऊन पाहतो तों वाघ्या झोपाळ्यावर मागच्या पायांवर उभा होता, सांखळी ताणून खांबाकडे ओढली गेली होती, आणि पाणी त्याच्या हनुवटीस टेकलें होतें. मुलानें गळपट्टा कापला आणि त्यास खांद्यावर टाकून वर आणलें. वर आल्यावर तो कोणाकडेहि गेला नाहीं. पुस्तकांच्या ढिगाआड जाऊन थरथरत बसला.

त्या ढिगांत महाभारताचा शेवटचा खंड होता. सतराव्या पर्वांत इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिरास स्वर्गांत चल म्हणतो; बरोबर आलेल्या कुत्र्यास मात्र तेथें जागा नाहीं, असें सांगतो. पत्नी गेली, भाऊ गेले, तरी मागून चालत आलेल्या त्या कुत्र्यास टाकून रथांत पाऊल ठेवावयास युधिष्ठिर तयार होत नाहीं. ही गोष्ट आम्हीं शेंकडों मुलांस सांगितली असेल. ती सांगतांना आमचा गळा दाटून येत असे. ती गोष्ट ज्या पुस्तकांत आहे तें आम्हीं पुरांतून उचलून आणलें आणि कुत्रा सांखळीस ठेवला. सांखळी आमच्याच हातानें अडकविलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ज्या वार्ता कानीं येऊं लागल्या त्यांनीं सगळ्यांचीं तोंडें मिटलीं. आमच्या तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंहि दरडींखालीं माणसें गाडलीं गेलीं. अशा वेळीं एका कुत्र्याची गोष्ट कोण बोलणार? आम्हीहि बोललों नाहीं. न बोलणें सोयीचेंहि होतें.

वाघ्या मात्र विसरला नाहीं. कोरड्या दिवसांत तो पूर्वीसारखाच ओटीवर निजे. मृगाचे ढग जमूं लागले कीं त्याची ओटी सुटे. पावसाची पहिली सर कौलावर वाजतांच तो उठे, उंबरठ्याशीं येई आणि आंत जिन्याकडे टक लावून उभा राही. आक्का पळी उगारी. तो दोन पावलें मागें सरे आणि पुन्हां येई. रात्रभर असा उभा राहून, बसून, पुन्हां उभा राहून पहांटे तो थकून पडे. तीन पावसाळे असे गेले. आम्ही म्हणत असूं, "जनावर आहे, विसरेल."

चवथ्या वर्षीं त्याचें वय त्याच्या पायांत उतरलें. उठतांना मागचे पाय लटपटूं लागले. फरशीवर निजून निजून कोंपरांचे केंस गेले आणि तेथें घट्टे पडले. एक घट्टा फुटून चिघळला. गुरांच्या डॉक्टरांनीं मलम दिलें आणि सांगितलें कीं, औषधापेक्षां याला अंगाखालीं मऊ आणि कोरडें कांहीं तरी पाहिजे. तेव्हां आमचें पितृहृदय जागें झालें, आणि अंथरुणाचा पहिला प्रयोग आम्हीं मोठ्या उत्साहानें केला.

तो प्रयोग सांगण्यासारखा आहे, कारण त्यांत होतील तेवढ्या सर्व चुका आम्हीं केल्या. एक जुनी कापसाची गादी उसवून, कापूस पिंजून घेऊन, त्याची छान फुगीर लहान गादी करविली. तिला फुलाफुलांची खोळ घातली. खोळीस बटणें लावलीं. मग ती ओटीवर त्याच्या नेहमींच्या कोपऱ्यांत घातली आणि सर्व मंडळींस पाहावयास बोलाविलें. वाघ्यानें गादी हुंगली, तिच्यावर चढला, चारी पाय तींत रुतले, आणि म्हातारा मनुष्य चिखलांतून पाय काढतो तसा एकेक पाय वर काढून तो खालीं उतरला. रात्रीं त्यानें दोन बटणें चावलीं. चौथ्या दिवशीं पावसाची झड ओटीवर आली, कापसानें पाणी धरलें, आठवड्याच्या आंत गादीस वास येऊं लागला. वाघ्या शेजारीं फरशीवर निजे. "लाडावलेला आहे," असें म्हणून आम्हीं आपल्या अकलेचा दोष त्याच्या पदरीं बांधला.

नातू आतां सोळा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "आजोबा, तो झोपतो कसा हे बघून बिछाना करायला नको का?" शिकविणाऱ्यास शिकवावें तें असें. मग आजोबा-नातवानें आठ दिवस कुत्र्याची झोंप पाहण्याचा अभ्यास केला. जी श्वाननिद्रा आम्ही जन्मभर सांगत आलों ती प्रथमच पाहिली. निजण्यापूर्वीं कुत्रा दोन-तीन वेळां स्वतःभोंवतीं फिरतो. गारठा असेल तर नाक शेपटाखालीं घालून वेटोळें करतो. उकडत असेल तर कुशीवर पडून चारी पाय ताणतो. झोंप सावध असते हें खरें, पण सर्व वेळ नव्हे. मधून मधून तो अगदीं गाढ जातो. तेव्हां त्याचे पंजे हलतात, ओठ थरथरतात आणि घशांतल्या घशांत तो बारीक भुंकतो. पाऊस पडत असला कीं वाघ्याचें तें भुंकणें लांबत जाई आणि आम्हांस ओळखीचा तो दुसरा सूर त्यांतून निघे. मग तो दचकून उठे आणि जिन्याकडे पाही. पहिल्या गादीची खरी चूक कोणती होती, हें आम्हांस त्या वेळीं उमगलें. गादी ओली झाली, मऊ फार झाली, हे दोष होतेच. पण मूळ चूक जागेची. ज्या जागीं पाणी त्याच्या हनुवटीस लागलें त्याच जागीं आम्ही त्याला सुखानें नीज म्हणत होतों.

जागा तर त्यानेंच चार वर्षें दाखविली होती: माजघरांत, जिन्याच्या पायथ्याशीं.

हें आक्कास कसें सांगावें, याची जुळवाजुळव आम्हीं दोन दिवस केली. युधिष्ठिराची कथा सांगावी, आदिपर्वांतील सरमेची सांगावी, असा विचार होता. जनमेजयाच्या सत्रांत कांहीं अपराध नसतां सरमेच्या पोरास मार बसला, आणि ती माउली राजास जाब विचारावयास आली, ती कथा. पण आम्हीं तोंड उघडण्यापूर्वींच आक्का म्हणाली, "मला पुराण सांगू नकोस. त्या रात्री ते ओरडत होते, ते तू ऐकलेस आणि मीही ऐकले. मी म्हटले, अरे, वाघ्या खालीच आहे. तू म्हणालास, थांबेल थोड्या वेळाने."

असें आम्ही बोललों होतों, हें आम्हांस आठवत नव्हतें. तिनें सांगितल्यावर आठवलें.

आक्का उठली आणि आपल्या फडताळांतून एक जुनी गोधडी घेऊन आली. आमच्या आईच्या दोन नऊवारी लुगड्यांची आणि वडिलांच्या धोतराची ती गोधडी आक्कानेंच पूर्वीं शिवलेली. ती मध्यें विरली होती. "ही मधून दुमड आणि कडेने माझ्या हाताने पुन्हा टाके घालू दे. तुझे टाके वार्षिक तपासणीला दाखवायचे असतात," ती म्हणाली. सोवळ्याचें काय, असें आमच्या सूनबाईनें हळूच विचारलें. त्यावर आक्का म्हणाली, "माझे सोवळे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी सुरू होते. माजघर तुमचे." हा सरहद्दीचा फेरबदल इतक्या सहज झाला कीं आम्ही चकित झालों.

आतां कृति सांगतों. कोणाच्या घरीं म्हातारें कुत्रें असेल तर उपयोगी पडेल. कुत्रा पाय ताणून निजला असतां त्याचें माप घ्यावें. आमचा वाघ्या नाकापासून मागच्या पंजापर्यंत ३८ इंच भरला. अंथरूण आम्हीं ४२ इंच लांब व ३० इंच रुंद धरलें. खालीं जमिनीची ओल लागूं नये म्हणून मोडक्या खाटेच्या फळ्यांचें एक सपाट बैठें तयार करून तें चार विटांवर ठेवलें. त्याहून उंच करूं नये, दुखऱ्या पायांस चढवत नाहीं. त्यावर गोणपाटाची पिशवी, तीन बाजूंनीं दाभणानें व सुतळीनें शिवलेली आणि चवथ्या बाजूस नाड्या. बटण कोठेंहि नाहीं. पिशवींत भाताचा पेंढा. तो पूर्ण वाळलेला असावा. ओला पेंढा आंतल्या आंत तापतो आणि बुरसतो. प्रथम हातानें मळून झटकावा म्हणजे धूळ जाते. पेंढा पाण्यानें भिजला तरी सांगतो. काढून टाकून नवा भरतां येतो, कापसाप्रमाणें गुपचूप कुजत बसत नाहीं. पिशवीच्या खालीं कडुनिंबाचा व निरगुडीचा पाला पसरावा. वर गोधडी, ती आठवड्यास उकळत्या पाण्यांतून काढून उन्हांत घालावी. पिसवांवर याहून सोपा उपाय नाहीं. आक्कानें गोधडीस कडेपासून मध्यापर्यंत चौकोनांत चौकोन असा धावदोरा घातला. आमचे टाके तिनें दोनदां उसविले.

पेंढ्यासाठीं आम्हीं पोलादपूरच्या वरच्या अंगास राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास निरोप पाठविला. तो चवथींत आमच्यापाशीं होता. आतां त्याचाच मुलगा महाविद्यालयांत जातो. बौद्धवाडींतलें हें घर, थोडी भातशेती आणि नाचणी. दरवर्षीं तो नवी नाचणी घेऊन आम्हांस भेटावयास येतो. वैशाखाच्या शेवटीं पेंढ्याचा भारा घेऊन तो आला, ओटीच्या कडेस बसला आणि सूनबाईनें आणलेला चहा घेऊं लागला. आम्हीं त्यास सर्व हकीकत सांगितली. कुत्र्यास माजघरांत जागा दिली, आक्कासुद्धां कशी वळली, हें सांगतांना आमच्या बोलण्यांत थोडा अभिमान उतरला असावा.

तो शांतपणें म्हणाला, "बरं केलंत गुरुजी. मुकं जनावर." मग कपांत पाहत म्हणाला, "माझी आजी लाकडं विकायला या आळीत यायची. भारा पायरीच्या खालीच टाकायचा, आणि पैसे वरून टाकायचे. ती सांगायची, ओटीवर कुत्रं बसलेलं असायचं, ते भुंकायचं."

एवढेंच बोलून त्यानें चहा संपविला. त्याच्या आवाजांत राग नव्हता. आमचें लक्ष मात्र तो बसला होता त्या जागेकडे गेलें. चवथींतल्या त्या मुलाला आम्हीं पहिल्या बांकावर बसविलें होतें. त्याचा आम्हांस अभिमान होता. पण आमच्या घरीं तो तीस वर्षें येत होता तो ओटीच्या कडेवरच बसत होता. आंत येऊं नकोस असें आम्हीं त्यास कधीं म्हटलें नाहीं. ये, असेंहि कधीं म्हटलें नाहीं. एकदांच तो आंत आला होता. २०२१ चें पाणी ओसरल्यावर आमच्या माजघरांत ढोपरभर चिखल होता. तो उपसावयास तो वाडींतले दोन तरुण घेऊन आला आणि तीन दिवस राबला. चिखल काढून झाल्यावर हातपाय धुऊन तो चहाला ओटीच्या कडेवर जाऊन बसला, आणि आम्हीं त्यास तेथेंच कप नेऊन दिला.

आमच्या घरापासून चवदार तळें चालत थोड्याच मिनिटांवर आहे. त्या तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत, कुत्रींमांजरें पीत. अस्पृश्य म्हटलेल्या माणसांस तें वर्ज्य होतें. नगरपालिकेनें १९२४ मध्यें तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आमच्या गांवच्या सवर्णांनीं परतणाऱ्या लोकांस मारहाण केली आणि पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळें 'शुद्ध' केलें. उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. गुरांच्या शेणामूत्रानें पाणी शुद्ध होतें आणि माणसाच्या ओंजळीनें बाटतें, हें ज्यांस पटलें तीं आमच्याच आळींतलीं, पोथ्या वाचणारीं माणसें होतीं. हा धडा आम्ही वर्गांत शिकवीत असूं, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांसारखी मंडळी सत्याग्रहाच्या बाजूस उभी होती हें आवर्जून सांगत असूं. तें खरेंच आहे. पण तें सांगतांना आम्ही आपणांस त्यांच्या रांगेंत उभे करून घेत होतों, आणि आपली ओटी कोणत्या रांगेंत आहे हें पाहत नव्हतों.

कुत्र्याच्या निमित्तानें माणसाची गोष्ट काढणें आम्हांस शोभत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण कुत्र्यास वर आणि माणसास खालीं, ही मांडणी आमच्याच पूर्वजांनीं केलेली आहे. ती ओटीवर आमच्यासमोर होती, आणि ती आम्हांस दाखविण्यास ज्यास ती सोसावी लागली तोच लागला.

आम्हांस बोलावयास शब्द सुचेना. तेवढ्यांत आक्का उंबरठ्यावर आली. तिनें किती ऐकलें होतें कोण जाणे. ती त्यास म्हणाली, "अरे, आत ये आणि पेंढा नीट भरला आहे का बघ. या मास्तरांना काही कळत नाही." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही "ये" म्हणालों. तो आंत आला, पिशवी दाबून पाहिली आणि हसला. "गुरुजी, गच्च भरलीत. दगड झालाय. जनावराला आत खळगा करता आला पाहिजे." त्यानें नाड्या सोडल्या, एक तृतीयांश पेंढा बाहेर काढला, उरलेला मोकळा करून कडांस जास्त आणि मध्यें कमी असा बसविला. वाघ्या जवळ येऊन पाहत होता. पिशवी बांधून गोधडी पसरतांच तो चढला, तीन वेळां फिरला, मध्यें खळगा केला आणि एक मोठा श्वास सोडून पडला. त्या दिवशींचा दुसरा चहा आम्ही सर्वांनीं माजघरांत घेतला. यांत आमचें मोठेपण कांहीं नाहीं. झाला तो उशीर मात्र लहान नव्हे.

त्या पावसाळ्यांत वाघ्या जिन्याच्या पायथ्याशीं निजला. पहिल्या मोठ्या सरीस तो उठला, जिन्याकडे पाहिलें, दोन पायऱ्या चढून पुन्हां उतरला आणि अंथरुणावर जाऊन वेटोळें करून पडला. रात्रीं झोंपेंत तो अजून कधीं कधीं तो सूर काढतो. अशा वेळीं आमची खाट जवळच असल्यामुळें आम्ही हात खालीं सोडतों. हात लागला कीं तो गप्प होतो. ती सांखळी आम्हीं मोडींत दिली. कोंपराची जखम भाद्रपदापर्यंत भरली.

कार्तिकांत नवा पेंढा आणावयाचा होता. या खेपेस निरोप न पाठवितां आम्हीच नातवास घेऊन पोलादपूरच्या वर वाडीवर गेलों. इतक्या वर्षांत आमचा त्याच्या घरीं जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच्या आईनें आम्हांस ओटीवर बसूं दिलें नाहीं. थेट आंत चुलीशेजारीं घोंगडी अंथरली आणि नाचणीची भाकर वाढली. म्हातारीस कानांस कमी ऐकूं येतें. आम्ही कशासाठीं आलों आहों हें मुलानें तिला मोठ्यानें सांगितलें. ती म्हणाली, "कुत्र्याच्या बिछान्यासाठी गुरुजी आले व्हय? मग कुत्र्याचं भलं होवो." तिच्या बोलण्यांत थट्टा किती होती आणि खरें किती, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. येतांना पेंढ्याच्या चार पेंढ्या आम्हीं खांद्यावरून एस. टी.पर्यंत आणल्या, आणि कंडक्टरानें त्यांचें अर्धें तिकीट घेतलें.